चार बोटांचा फरक

“कोठावळे सायबांचं हिरवं आलं!” मुल्लाचाचांनी खालून हात उंचावून आरोळी ठोकली.

माझं लाल आलं होतं. हातातल्या टॅबलेटवर भली मोठी लाल चौकट, आणि तिच्यात मीच निवडलेल्या सुंदर अक्षरांत लिहिलेलं: ‘फेरा जुळत नाही.’ अक्षरं निवडताना मी शलाकाशी तासभर वाद घातला होता. ती इतकी ठसठशीत दिसतील याचा तेव्हा अभिमान वाटला होता.

काळदऱ्याच्या घाटात बोगदा चालला होता. डोंगराच्या दोन्ही बाजूंनी एकदमच खणायला सुरुवात केलेली, एक तोंड देशावर, दुसरं कोकणात, आणि मध्ये कुठेतरी दोघांची गाठ पडायची. गाठ पडेल की दोन बोगदे एकमेकांना चुकवून शेजारून निघून जातील, हे सगळं मोजणीवर अवलंबून. मोजणीच्या प्रमुख होत्या पद्मजा सावरडेकर. पन्नाशीच्या, उन्हाने रापलेल्या, डोक्याला कायम पंचा गुंडाळलेल्या. त्यांच्याकडची मोजणीची यंत्रं चांगली होती, पण ती चालवणारा प्रोग्राम जुना झाला होता. नवा कुठला घ्यायचा हे ठरवायला त्यांनी दोघांना डोंगरावर बोलावलं होतं.

एक राजीव कोठावळे. मोठ्या कंपनीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, बुटांना धूळ लागली तरी ती कौतुकाने लागल्यासारखी वाटावी असा. दुसरा मी, हेमंत घुले. आमची कंपनी म्हणजे नाशिकच्या एका गाळ्यात बसलेली दोन माणसं. शलाका प्रोग्राम लिहायची, मी विकायचो. म्हणजे विकायला हिंडायचो. अजून विकला कोणालाच नव्हता. काळदऱ्याचं काम मिळालं तर पुढे चालायचं, नाहीतर गाळ्याला कुलूप लावून तिने नोकरी धरायची आणि मी मेहुण्याच्या टाइल्सच्या दुकानात बसायचं, असं आमचं रीतसर ठरलेलं होतं. मेहुण्याने माझ्यासाठी खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती.

परीक्षा साधी होती. घाटमाथ्यावरच्या एका खांबापासून निघायचं. या खांबांची जागा आधीच पक्की मोजलेली असते. तिथून वाटेत यंत्र मांडत, कोन आणि अंतरं घेत, दरीत उतरायचं आणि बोगद्याच्या खालच्या तोंडापाशी, भरावाच्या कडेला असलेल्या दुसऱ्या पक्क्या खांबावर संपवायचं. तुमचं गणित त्या खांबाची जी जागा सांगेल ती आणि कागदोपत्री असलेली जागा एकच निघाली, की फेरा जुळला. कोठावळ्यांचा जुळला. माझा नाही.

“घुले, काय झालं?” मॅडमनी विचारलं. आवाजात ना राग ना कीव. नुसती चौकशी.

“उंचीत वीतभर फरक येतोय.”

“मग?”

“मग एक बटण आहे. ‘फरक वाटून टाका’ म्हणून. ते दाबलं की फरक थोडा थोडा सगळ्या ठिकाणी वाटला जातो आणि हिरवं होतं.”

“दाबा की.”

कोठावळे हसून म्हणाले, “आमच्यात दाबावंही लागत नाही. आपोआप होतं. इंजिनिअरचा वेळ वाचतो.” हे ते मला खिजवायला म्हणत नव्हते. माणूस भला होता. सकाळी जीपमध्ये त्यांनी मला आपल्या डब्यातलं थालीपीठही दिलं होतं.

मी बटणावर बोट नेलं आणि तसंच ठेवलं. माझा एक जुना आजार आहे. लहानपणी आईने नवं घड्याळ आणलं की ते मी उघडायचो, आणि मग घरात वेळ विचारायला शेजारी जावं लागायचं. “नसत्या चौकशा करू नकोस,” हे वाक्य मी माझ्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकलं असेल. आताही मला फेरा जुळण्यापेक्षा तो वीतभर फरक आला कुठून, याचीच उत्सुकता लागून राहिली. वीतभर! मोजणीत चूक होते ती कणाकणाने. एवढा धडधडीत फरक म्हणजे कोणीतरी काहीतरी केलेलं असणार.

“मुल्लाचाचा,” मी हाक मारली, “जरा वर येता का? दांडा घेऊन.”

बाबालाल मुल्ला दम खात वर आले. ज्या दांड्याच्या टोकावर प्रिझम बसवलेलं असतं, म्हणजे यंत्राचा किरण परत पाठवणारी काच, तो दांडा प्रत्येक ठिकाणी तेच धरून उभे राहायचे. मी त्यांना माझ्यासमोर दांडा उभा धरायला सांगितलं आणि त्याला चिकटून ताठ उभा राहिलो.

“सकाळी ही काच माझ्या हनुवटीला लागत होती,” मी म्हणालो. “आता कपाळापर्यंत गेली. एक तर दांडा वाढला, नाहीतर मी खचलो.”

मुल्लाचाचांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी दरीकडे पाहिलं. आणि मग दोघेही एकदम हसायला लागले.

“आवो, म्याडमनीच सांगितलं हुतं!” चाचा म्हणाले. “म्हनल्या, वाटंतल्या दुसऱ्या ठिकाणापास्नं गुमान वीतभर वर सरकवायचा. दोघांस्नी बी.”

तर असं होतं ते. प्रोग्राममध्ये दांड्याची सकाळची उंची भरलेली, आणि दांडा मात्र मधूनच वाढवलेला. बाईंनी मुद्दाम चूक पेरली होती आणि कोणाचा प्रोग्राम ओरडतो ते बघत बसल्या होत्या. कोठावळ्यांच्या प्रोग्रामने ती गुपचूप गिळून हिरवा तोंडवळा केला होता. माझा ओरडला होता.

“बोगद्यात मला गोड बोलणारा प्रोग्राम नको,” मॅडम म्हणाल्या. “कोठावळे, राग मानू नका. घुले, उंची दुरुस्त करा, मला आकडे द्या. काम तुमचं.”

कोठावळ्यांनी लगेच पुढे होऊन माझा हात हातात घेतला. आमच्यातलंही ते आपोआप वाटणं बंद करता येतं, असं ते म्हणाले खरे, पण तक्रारीच्या सुरात नाही. मी शलाकाला फोन लावला.

“मिळालं?” तिने हॅलोच्या जागी हेच विचारलं.

“मिळालं!”

पलीकडून काहीतरी पडल्याचा आवाज आला. बहुधा खुर्ची. बोलता बोलता मी दांड्याची उंची दुरुस्त केली. उंचीचा फरक नाहीसा झाला. मी हिरव्याची वाट बघत राहिलो. चौकट लालच होती.

“शलाका, थांब जरा.”

“काय झालं?”

“उंची जुळली. पण आडवा फरक राहिलाय. चार बोटांचा. मघाशी उंचीच्या गडबडीत मी खालची ओळ बघितलीच नव्हती.”

“हेमंत,” तिचा आवाज एकदम सावध झाला, “तुला काम मिळालंय ना? त्या बाई हो म्हणाल्यात ना?”

“हो.”

“मग बटण दाब. वाटून टाक आणि घरी ये. हा फरक आपल्या प्रोग्राममधल्या चुकीने आला असेल तर? तिथं सगळ्यांसमोर ते उघडं पाडायचंय का तुला? घरी आण, मी बघते.”

ती म्हणत होती ते शंभर टक्के शहाणपणाचं होतं. मी फोन ठेवला आणि मॅडमकडे गेलो.

“मॅडम, अजून कुठे चूक पेरलीय का तुम्ही? आडवी?”

“नाही हो. एकच होती.” त्यांनी टॅबलेट हातात घेऊन पाहिला. “हे होय? माथ्यावर वारा असतो. मुल्लांचा हात हलला असेल.”

“माजा हात?” मुल्लाचाचा एकदम ताठ झाले. “म्याडम, ह्यो हात हलत नाय. वाऱ्यात बिडी पेटवतो म्या.”

“बरं, नाही हलला. घुले, वाटून टाका तो फरक. पुढचं पुढे बघू.”

आता खरं तर गप्प बसायचं. कंत्राट हातात, बाई खुश, चाचा रुसलेले पण तेवढ्यापुरते. पण मला राहवेना. मी कोठावळ्यांकडे वळलो. “तुमच्या प्रोग्रामने आतून किती फरक वाटला, ते दिसतं का हो?”

“दिसतं. तीन पानं आत जावं लागतं.” त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पानं उलटली, आणि चष्मा परत नाकावर आणला. “गंमत आहे. माझ्यातही चार बोटंच होती.”

“कुठल्या बाजूला?”

“दरीच्या.”

“माझीही दरीच्याच.”

दोन वेगळी यंत्रं, दोन वेगळे प्रोग्राम, मध्ये चहाची सुट्टी, आणि चूक मात्र एकच, तेवढीच, एकाच बाजूला. वाऱ्याने हात हलला तर तो एकदा इकडे हलेल, एकदा तिकडे. दोन्ही वेळा दरीकडेच हलायला वारा काय पगारी होता?

मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू कुठे गेलं ते कळलं नाही. त्यांनी पंचा सोडला, घाम पुसला आणि पुन्हा गुंडाळला. “जीप काढा,” त्या म्हणाल्या. “खाली जाऊ.”

खालच्या तोंडाशी बोगद्यातून काढलेल्या दगड-मातीचा प्रचंड भराव टाकलेला होता. रोज डंपर येऊन त्यावर आणखी ओतत होते. तिथं मोजणीचे दोन खांब होते. एक मूळ खडकावर उभा, दुसरा भरावाच्या कडेला, आमचा फेरा जिथे संपला तो. रोज सकाळी बोगद्यात शिरण्याआधी मोजणीची टोळी याच भरावाकडच्या खांबावर यंत्र मांडायची, खडकावरच्या खांबाकडे बघून दिशा धरायची, आणि तीच दिशा आत न्यायची. म्हणजे खालचा सगळा बोगदा या दोन खांबांच्या शब्दावर चालला होता.

मॅडमनी स्वतः खडकावरच्या खांबावर यंत्र मांडलं. नदीवरच्या जुन्या पुलाच्या कठड्यात एक पितळी टिकली बसवलेली होती, तिचीही जागा पक्की मोजलेली. आधी त्यांनी तिचं अंतर घेतलं.

“बरोबर आहे,” मी जुना आकडा बघून म्हणालो. “तंतोतंत.”

मग त्यांनी यंत्र भरावाच्या खांबाकडे फिरवलं. मुल्लाचाचा त्यावर प्रिझम बसवून बाजूला झाले. या वेळी हात हलायचा प्रश्नच नव्हता.

मी आकडा वाचला. त्यांनी पुन्हा मोजायला लावला. पुन्हा तोच आला.

खांब सरकला होता. डोळ्यांना अगदी सरळ, भक्कम, पांढऱ्या रंगाने नंबर घातलेला, आणि तरी चार बोटं दरीकडे. मागून भराव रेटत होता आणि पायाखालची जमीन हळूहळू सुटत होती. इतकं सगळं डोळ्यांसमोर घडत होतं आणि कोणाला पत्ता नव्हता. आम्ही मात्र माथ्यापासून दरीपर्यंत गळे काढत आलो होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

मला मात्र आता वेगळीच उत्सुकता लागली. रोज टोळी इथे यंत्र मांडते. खडकावरच्या खांबाकडे बघते. अंतर चुकलं तर त्यांच्या जुन्या प्रोग्रामने सांगायला हवं होतं.

“चाचा,” मी विचारलं, “रोज सकाळी तुम्ही इथंच असता ना? जुन्या टॅबलेटवर काही येत नाही का? अंतर जुळत नाही, असा काही मेसेज?”

“मेसेज व्हय?” मुल्लाचाचा सहज म्हणाले. “त्यो तर रोजच येतोय की.”

बोगद्याच्या तोंडातून पंख्याची घरघर तेवढी येत होती.

“मग तुम्ही काय करता?” मॅडमनी विचारलं.

“‘ठीक आहे’ दाबायचं आन् पुढं जायचं. तुमीच न्हाय का म्याडम सांगितल्यालं? काम चालू झालं तवा? म्हनला, ह्यो परोग्राम लई चिकट हाय, केसभर बी खपत न्हाई त्याला. आला मेसेज की ठीक दाबा.”

मॅडम खांबाच्या ओट्यावर बसल्या. त्यांनी खरंच तसं सांगितलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. सुरुवातीला फरक खरोखरच केसाएवढा होता. मग दोन केसांएवढा झाला. मग बोटभर. मेसेज मात्र रोज तोच, त्याच रंगात, त्याच जागी, आणि बोट रोज त्याच बटणावर. ज्या गोष्टीची परीक्षा घ्यायला त्यांनी आम्हाला डोंगरावर बोलावलं होतं, ती गोष्ट त्यांच्याच दारात रोज सकाळी येऊन परत जात होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मला त्यांच्याकडे बघवेना.

आणि मला स्वतःचीही दया आली, खोटं कशाला सांगू! शलाकाने सांगितलं होतं, बटण दाब. आता बाईंची मान खाली गेली होती ती माझ्या चौकशीमुळे. ज्याच्यामुळे आपली मान खाली गेली त्याला कोण काम देतं? मेहुण्याची खुर्ची मला स्पष्ट दिसू लागली. फिरती होती. निळ्या रंगाची.

“आत किती गेलं असेल?” कोठावळ्यांनी हळूच विचारलं.

“शेवटच्या टोकाला दोन हात तरी,” मॅडम म्हणाल्या. “हाच खांब धरून आणखी पुढे गेलो असतो तर भेट झालीच नसती.” त्यांनी फोन काढला. “हॅलो, सावरडेकर बोलतेय. खालच्या तोंडाचं काम थांबवा. हो, आत्ता. आजचा सुरुंग नाही लावायचा. कारण? दिशा चुकलीय. नाही, टोळीची चूक नाही. माझी. माझ्या नावावर लिहा.”

मग त्या पलीकडच्याचं बराच वेळ नुसतं ऐकत राहिल्या. शेवटी त्यांनी फोन ठेवला. मुल्लाचाचांनी आपली पाण्याची बाटली त्यांच्यापुढे धरली. ती त्यांनी घेतली, पण प्यायल्या नाहीत.

“म्याडम, दाबलं तर म्याच की,” चाचा म्हणाले.

“दाबलं तुम्ही, चाचा. पण तुमचं बोट तिथं मी नेऊन ठेवलं.”

कोठावळे नि मी आमची यंत्रं पेटीत भरू लागलो. त्यांनी निघताना मॅडमना सांगितलं, दिशा परत बसवायला माणसं लागली तर कळवा, कंपनीचं मी बघतो. मग माझ्या कानाशी लागून म्हणाले, “घुले, डोंगर पोखरून उंदीर निघतो म्हणतात. तुम्ही उंदीर धरायला आलात आणि डोंगरच काढलात.” मला हसू आलं नाही, तरी मी हसलो.

मी जीपकडे निघालो तेवढ्यात मागून हाक आली.

“घुले, तुमच्या प्रोग्राममध्ये ‘ठीक आहे’ बटण आहे?”

“आहे मॅडम. सगळ्यांतच असतं.”

“ते काढा.”

“काढा म्हणजे? मग माणूस पुढे जाणार कसा?”

“फरक आला की प्रोग्रामने विचारायचं, का आला? आणि माणसाने हाताने लिहायचं. वारा होता, यंत्राची तिवई हलली, खांब सरकला, जे असेल ते. लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मलासुद्धा नाही.” त्या उठल्या. “तेवढं करा आणि या. मघाशी तुमचं काम म्हटलं होतं, ते मोडलेलं नाही.”

शलाकाला सांगितलं तर ती आधी आनंदाने रडली आणि मग चिडली. “बटण नसलेला प्रोग्राम? लोक आपल्याला शिव्या देतील!” तिचं म्हणणं खरं ठरलं. आजही एखाद्या रस्त्याच्या कामावर, एखाद्या धरणावर, कोणी तरणा इंजिनिअर उन्हात टॅबलेट आपटत विचारतो, कुठल्या शहाण्याने हे बनवलंय हो, ठीक म्हणायची सोयच नाही! मी ओळख देत नाही. चहा पाजतो.

काळदऱ्याच्या खालच्या बोगद्याला वळण द्यावं लागलं. सावरडेकर बाईंना त्याबद्दल पुष्कळ ऐकून घ्यावं लागलं, पण त्यांना काढलं नाही. वरून कोणी विचारण्याआधी आपली चूक त्यांनी स्वतः आपल्या नावावर लिहायला लावली होती, ती कामी आली असावी. पुढच्या वर्षी दोन्ही तोंडांची गाठ पडायची होती त्या दिवशी शलाकाला आणि मला त्यांनी आवर्जून बोलावलं.

मधली भिंत कोसळली आणि धुळीतून पलीकडचे दिवे दिसले. देशावरची माणसं कोकणात आली, कोकणातली देशावर. गुलाल उडाला, पेढे वाटले, ताशा तर असा कडाडला की छतावरून खडे पडायला लागले. मुल्लाचाचा नाचत होते. शलाका त्यांच्याबरोबर नाचत होती. तिला मी त्याआधी कधी नाचताना पाहिलं नव्हतं.

मॅडम दिसेनात. शोधत गेलो तर त्या गर्दीपासून लांब, नव्या पडलेल्या दगडांत तिवई मांडून बसल्या होत्या. दोन्ही बोगद्यांच्या मध्यरेषा नेमक्या किती जवळ आल्या ते मोजत होत्या. डोक्याच्या पंच्यावर कोणीतरी टाकलेला गुलाल तसाच होता.

“किती?” मी विचारलं.

“एक बोट.”

“एक बोट! मॅडम, एवढ्या मोठ्या डोंगरात एक बोट म्हणजे काहीच नाही. पेढा घ्या.”

त्यांनी पेढा घेतला, एका घासात संपवला, आणि बोट साडीला पुसून पुन्हा टॅबलेटवर वाकल्या. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. आमचीच लाल चौकट. ‘फरक का आला?’ आणि तिच्याखाली त्या एकेक अक्षर शोधत लिहीत होत्या:

‘माहीत नाही. बघते.’